मुलांना पियानो कॉम्पिटिशनला उतरवायचंय? बडोद्यातल्या घरांसाठी तयारीचं सगळं

दरवर्षी दिवाळी झाली की आईबाबांचे मेसेज सुरू होतात, टीचर ती क्लासिकल पियानोची रीजनल कॉम्पिटिशन येतेय ना, आमच्या मुलीला उतरवू का, आणि उतरवायचं तर घरी आम्ही काय करायचं. प्रत्येकाला फोनवर थोडं थोडं सांगण्यापेक्षा सगळं एका जागी लिहून ठेवते म्हणजे नीट बसून वाचता येईल. लिहिताना डोळ्यासमोर आपली बडोद्याची घरं आहेत, जिथे आईबाबांना स्वतःला पियानो येत नाही, घरात डिजिटल पियानो आहे, आजी-आजोबांना गाण्याचा कान आहे पण पाश्चात्य संगीत फारसं ऐकलेलं नाही, आणि मूल आठ ते चौदाच्या मधलं आहे.

एक गोष्ट आधी सांगते कारण बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. मुलाला आत्ता जे जेमतेम जमतंय ते स्पर्धेत न्यायचं नाही, जे अंगात मुरलंय ते न्यायचं. स्टेजवर गेलं की प्रत्येकाचं थोडं कमीच वाजतं, हात गार पडतात, पियानो परका असतो, समोर अनोळखी माणसं कागद घेऊन बसलेली असतात. घरी दहातून सात वेळा नीट वाजणारा पीस, म्हणजे वाजवायची रचना, तिथे नीट वाजेलच असं नाही, दहातून दहा वेळा वाजणारा वाजतो. म्हणून मुलाची जी ग्रेड चालू आहे तिच्यापेक्षा एक पायरी खालचा पीस घ्या असं मी सगळ्यांना सांगते आणि बहुतेक आईबाबांना ते पटत नाही, बाजूच्या सोसायटीतला मुलगा किती अवघड वाजवतो ते मला सांगतात. पण जज लोकांसमोर दिवसभर मुलं येत असतात, त्यात अवघड पीस कसाबसा ओढत नेणारी बरीच असतात आणि सोपा पीस खरंच सुंदर वाजवणारं मूल आलं की माणूस पेन खाली ठेवून ऐकतो.

आधी नियम वाचा, म्हणजे खरंच वाचा

नियमांच्या पानाची प्रिंट काढा आणि फ्रीजवर लावा. वय कुठल्या तारखेला मोजतात ते बघा, स्पर्धेच्या दिवशीचं, वर्षाच्या सुरुवातीचं की शेवटचं, कारण एका वाढदिवसाच्या फरकाने मूल वरच्या गटात जातं. पीस ठरवून दिलेला आहे की आपल्या आवडीचा, आवडीचा असेल तर एकाच काळातला चालतो की दोन वेगळ्या काळातले हवेत, म्हणजे एक बरोक किंवा क्लासिकल आणि एक रोमँटिक किंवा विसाव्या शतकातला, असं पुष्कळदा मागतात. पाठ वाजवणं सक्तीचं आहे का. रिपीट, म्हणजे परत वाजवायला लिहिलेले भाग, घ्यायचे की सोडायचे. वेळेची मर्यादा किती आणि ती वाजवण्याची आहे की स्टेजवर चढल्यापासूनची. मर्यादा ओलांडली की बहुतेक ठिकाणी मध्येच थांबवतात, तेव्हा मुलाला आधीच सांगून ठेवा की बेल वाजली तर हात उचलायचे, उठायचं, वाकून नमस्कार करायचा, आपलं काही चुकलं म्हणून थांबवलं नाहीये. हे सांगितलेलं नसलं तर मूल खाली येऊन रडतं.

नोट्सच्या कॉपीचा नियम वेगळा बघा. बऱ्याच ठिकाणी जजसाठी एक प्रत द्यावी लागते आणि झेरॉक्स चालत नाही, मूळ पुस्तकच मागतात. आपल्याकडे कायद्याने रचनाकार गेल्यानंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो, त्यामुळे बाख, मोझार्ट, शुमान तर मोकळे आहेतच, बार्टोक १९४५ ला गेले आणि प्रोकोफिएव्ह १९५३ ला, म्हणजे तेही झाले. पण मुलांच्या पुस्तकांत सारखे भेटणारे काबालेव्हस्की १९८७ ला गेले आणि खाचातुरियन १९७८ ला, त्यांच्या पीसची नेटवरून उतरवलेली पीडीएफ नेऊ नका, पुस्तक विकत घ्या. आणि जुन्या रचनाकारांचंसुद्धा आत्ताच्या पब्लिशरने संपादन करून छापलेलं पुस्तक असेल तर त्याच्या झेरॉक्सला आयोजक नाही म्हणू शकतात.

फॉर्म भरताना पीसचं नाव पूर्ण लिहायचं, रचनाकाराचं पूर्ण नाव, कुठल्या स्केलमधला, ओपस नंबर म्हणजे रचनाकाराच्या कामांचा क्रमांक, कितवी मूव्हमेंट म्हणजे रचनेचा कितवा भाग. नुसतं 'सोनाटिना, क्लेमेंटी' असं लिहून चालत नाही, त्यांच्या ओपस ३६ मध्येच सहा सोनाटिना आहेत. अजून एक, तो सगळ्यांना येणारा जी मेजरमधला मिन्युएट, बाखच्या नावावर खपतो तो, बाखचा नाही. आना माग्दालेना बाखच्या १७२५ च्या वहीत तो सापडला म्हणून वर्षानुवर्षं बाखचा समजला गेला, आता तो क्रिस्टियान पेत्सोल्ड यांचा आहे हे नक्की झालंय. जुन्या पुस्तकांत अजून बाखच छापलेलं असतं, फॉर्मवर पेत्सोल्ड लिहा.

पीस निवडणं

हे टीचरवर सोडा पण तुम्हीही ऐका, मुलासोबत बसून. मूल जो पीस न सांगता वाजवायला बसतं, जेवायला बोलावलं तरी उठत नाही, तो पीस. पुढचे तीन-चार महिने ते त्याच्यासोबत राहणार आहे.

लहान मुलांसाठी शुमानच्या ओपस ६८ मध्ये, चायकोव्हस्कीच्या ओपस ३९ मध्ये, बुर्गम्युलरच्या ओपस १०० च्या २५ एट्यूडमध्ये, म्हणजे सरावाच्या छोट्या रचनांत, इतकं सुंदर साहित्य आहे की तिकडे न बघता सगळे तेच तेच दोन-तीन पीस घेऊन का येतात मला कळत नाही. 'फ्यूर एलीझ' प्रत्येकाला वाजवायचं असतं आणि ते आहेच गोड, पण जजनी ते इतक्या वेळा ऐकलेलं असतं की छोटी चूकही लगेच कानात शिरते, आणि मुलं त्याची सुरुवातच वाजवतात, मधले दोन भाग कच्चे असतात. थोडं पुढे गेलेल्या मुलांसाठी बाखच्या दोन आवाजांच्या इन्व्हेन्शन्स आहेत, एकूण १५, आणि बीथोवनची ओपस ४९ नंबर २ ही जी मेजरची सोनाटा, जी ओपस नंबर मोठा असला तरी त्यांच्या तरुणपणची आहे आणि अकरा-बारा वर्षांच्या चांगल्या तयारीच्या मुलाला झेपते.

हाताचा आकार बघा. ज्याला ऑक्टेव्ह, म्हणजे सा ते वरचा सा एका हातात, अजून ओढून गाठावा लागतो त्याला ऑक्टेव्हनी भरलेला पीस देऊ नये, मनगट दुखावतं. हात दुखतोय असं मूल म्हणालं तर त्या दिवशी बंद, थोडं अजून वाजव असं कुणी म्हणायचं नाही.

आपल्याकडे बरीच मुलं आधी पेटी शिकून पियानोकडे येतात आणि त्यांचा सूर-लय पक्का असतो, ही मोठी जमेची बाजू आहे. फक्त एक सवय बदलावी लागते. पेटीवर की किती जोरात दाबली याने आवाज बदलत नाही, आवाज भात्यावर असतो, त्यामुळे ही मुलं नुसत्या बोटांनी हलकंच दाबतात. पियानोत की दाबली की आत हातोडी तारेवर जाऊन आपटते, आणि ती किती वेगाने गेली यावर आवाज ठरतो. म्हणून हाताचं वजन खांद्यापासून सैल सोडून बोटात आणायला शिकावं लागतं, ते एका आठवड्यात येत नाही. अशा मुलाला आधी संथ आणि गाणारा पीस द्या, त्यात हे शिकायला जागा मिळते.

पाठ करणं, आणि वाट कुठे चुकते

सगळ्यात जास्त काम इथे आहे.

मुलं पाठ करतात म्हणजे काय करतात, पहिल्यापासून शेवटपर्यंत शंभर वेळा वाजवतात आणि मग हात आपोआप चालतो. घरी हे छान वाटतं. स्टेजवर एक बोट घसरलं की ती साखळी तुटते, आणि मग मुलाला कुठून सुरू करायचं ते माहीत नसतं म्हणून ते परत पहिल्या बारवर, म्हणजे नोट्समध्ये उभ्या रेघांनी पाडलेल्या पहिल्या तुकड्यावर, जातं, तिथून येऊन परत तिथेच अडकतं. जजसमोर हे दोनदा झालं की मुलाचा चेहरा बघवत नाही.

याला उपाय स्टेशनं. पीसचे तुकडे पाडा, साधारण आठ-आठ बारचे किंवा जिथे वाक्य संपतं तिथे, आणि पुस्तकात पेन्सिलने नंबर घाला. पेत्सोल्डचा मिन्युएट ३२ बारचा आहे, त्याची सरळ चार स्टेशनं होतात. मग घरातल्या कुणीही, अगदी धाकट्या भावानेही, म्हणायचं 'तीन', की मुलाने तिसऱ्या स्टेशनपासून पाठ सुरू करायचं. मग 'दोन'. मग शेवटच्या स्टेशनपासून उलटं मागे येत वाजवायचं, आधी चौथं, मग तिसरं आणि चौथं, मग दुसरं ते चौथं. याला पियानो यायची गरज नाही, आईबाबा स्वयंपाक करता करता नंबर सांगू शकतात. आणि एक कडक नियम घालून द्या, चुकलं तर मागे जायचं नाही, पुढच्या स्टेशनला उडी मारायची. चुकून पुढे जाण्याचाही सराव लागतो, म्हणून आठवड्यातून एक-दोनदा मुद्दाम मध्येच टाळी वाजवून थांबवा आणि पुढच्या स्टेशनपासून सुरू करायला लावा.

आता सोनाटिना वाजवणाऱ्यांसाठी खास. क्लेमेंटी ओपस ३६ नंबर १ ची पहिली मूव्हमेंट घ्या, सी मेजर, एकूण ३८ बार, ती सगळ्यांकडे असतेच. पहिल्या १५ बारमध्ये गाणं सी मेजरमध्ये सुरू होऊन जी मेजरला जातं, एफ शार्प येतो, म्हणजे एफ ऐवजी त्याच्या उजवीकडची काळी की. मग मधला छोटा भाग. मग २४ व्या बारला सुरुवातीची धून परत येते, पण एक ऑक्टेव्ह खाली, आणि या वेळी ती जीला जात नाही, सी मध्येच राहून संपते. इथेच मुलं फसतात, हात सवयीने पहिल्या वेळच्या रस्त्याला लागतो, जी मेजरमध्ये पोचतो आणि पीस संपतच नाही, गोल गोल फिरत राहतो. मोझार्टच्या के ५४५ या सोनाटामध्ये तर धून परत येते तीच एफ मेजरमध्ये. म्हणून या दोन जागा, पहिल्यांदा वळते ती आणि दुसऱ्यांदा न वळणारी, एकासमोर एक ठेवून वाजवायच्या, आधी ही, मग लगेच ती, आणि मुलाकडून तोंडाने वदवून घ्यायचं की इथे एफ शार्प आहे, इथे नाही. नोटवर रंगीत पेन्सिलने खूण करा. डोक्याला माहीत असलं की हात चुकत नाही.

डावा हात एकटा पाठ हवा. उजव्या हाताची धून कुणालाही आठवते, अडचण डाव्याची असते. डावा हात एकटा, पुस्तकाशिवाय, हळू, सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवता आला तर पीस पाठ झाला असं मी धरते, नाहीतर नाही.

वेगाचं सांगते. घरी एकट्याने वाजवताना वेग बरोबर असतो, स्टेजवर घाबरून वाढतो, आणि पहिले चार बार जमतात पण पुढे सोळाव्या भागाचे, म्हणजे भराभर वाजवायचे, स्वर आले की बोटं एकमेकांवर चढतात. सुरू करायच्या आधी मुलाने पीसमधला सगळ्यात अवघड बार मनात गायचा, तो ज्या वेगाने मनात नीट गाता येतो त्याच वेगाने पहिला बार सुरू करायचा. दोन सेकंदांचं काम आहे. रोज प्रत्येक वेळी करायला लावा, मग तिथे आपोआप होतं. मेट्रोनोम, म्हणजे टकटक करून वेग धरणारं यंत्र, शिकताना वापरा पण शेवटच्या महिन्यात सतत लावू नका, नाहीतर वाक्याच्या शेवटी श्वास घ्यायचीसुद्धा सवय जाते.

घरचा डिजिटल आणि तिथला ग्रँड

आपल्या घरांत ६१ कीचा कीबोर्ड असेल तर खरं सांगते, क्लासिकल स्पर्धेची तयारी त्यावर होत नाही. ८८ की आणि हॅमर अॅक्शन, म्हणजे खऱ्या पियानोसारख्या वजनदार की, असलेला डिजिटल पियानो हवा, यामाहा, कासिओ, रोलंड सगळ्यांचे येतात, सेकंडहँड पण मिळतात. त्याच्यासोबत जो चौकोनी प्लास्टिकचा पेडल-स्विच येतो तो फरशीवर सरकतो, त्याच्या जागी खऱ्या पियानोसारखा दिसणारा जड पेडल घ्या.

तरी ग्रँड, म्हणजे स्टेजवरचा मोठा आडवा पियानो, वेगळाच असतो, आणि मुलाला तो पहिल्यांदा स्पर्धेच्या दिवशी भेटू नये एवढं करा. बडोद्यात ओळखीत कुणाकडे, एखाद्या शाळेत, चर्चमध्ये, म्युझिक क्लासमध्ये अकूस्टिक, म्हणजे खरा तारांचा, पियानो आहे का विचारत राहा आणि अर्ध्या तासासाठी का होईना बसू द्या म्हणून विनंती करा. लोक बहुतेक हो म्हणतात. नाहीतर अहमदाबाद ११० किलोमीटरवर आहे, तिथे तासावर पियानो मिळत असेल तर एक रविवार काढा.

तिथे काय काय वेगळं लागतं ते मुलाला आधी सांगा. की जड वाटू शकतात. ग्रँडमध्ये की पूर्ण वर येण्याआधीच परत दाबता येते, ही रचना एरार कंपनीने १८२१ मध्ये आणली, अपराइटमध्ये, म्हणजे घरात ठेवायच्या उभ्या पियानोत, ती नसते, त्यामुळे एकच स्वर भराभर वाजवायचा असेल तर ग्रँडवर उलट सोपं जातं. डावा पेडल दाबला की ग्रँडमध्ये अख्खा कीबोर्डच जरासा उजवीकडे सरकतो, ज्या मुलाला हे माहीत नसतं ते दचकतं. नोट्स ठेवायची जागा घरच्यापेक्षा उंच आणि लांब असते. आवाज खूप मोठा असतो, हेडफोन लावून सराव केलेल्या मुलाला तर तो अंगावर आल्यासारखा वाटतो, म्हणून शेवटचे दोन महिने हेडफोन बंद. आणि समोरचं काळं चकचकीत लाकूड असतं ना, त्यात स्वतःची बोटं उलटी हलताना दिसतात, पाठ वाजवणारी मुलं त्याच्याकडे बघत बसली की हरवतात. नजर कीवर ठेवायला सांगा.

पेडल आणि बूट. आपण घरात अनवाणी असतो, मुलं अनवाणीच पेडल मारतात, आणि स्पर्धेच्या दिवशी नवे कडक तळव्याचे बूट घातले की पायाला काहीच कळत नाही, पेडल अर्धा सुटतो किंवा दाबलेलाच राहतो आणि सगळे सूर एकमेकांत कालवतात. जे बूट घालायचे ते आधी घ्या, पातळ तळव्याचे, आणि शेवटचे तीन आठवडे घरात तेच घालून वाजवायला लावा. आजी म्हणतील घरात बूट काय, तर तळवा पुसून घ्या आणि त्यांना कारण सांगा. ज्यांचे पाय खाली पोचत नाहीत त्यांच्यासाठी पायाखाली पाट हवा, लटकते पाय असले की मूल पुढे सरकत जातं आणि पाठ वाकते. आयोजकांकडे फूटस्टूल आहे का आधी विचारा, नसेल तर घरचा पाट घेऊन जा.

बसण्याची उंची. घरी डायनिंगची खुर्ची आणि वर उशी असं असतं. कोपर कीच्या पातळीला यायला हवं, जमिनीला समांतर हात. ती उंची एकदा टेपने मोजून सेंटिमीटरमध्ये वहीत लिहून ठेवा. तिथे बेंचच्या दोन बाजूंना गोल मुठी असतात, त्या फिरवून बेंच वरखाली होतो, हे मुलाला कुठेतरी करून दाखवा. बेंच स्वतः नीट करायला वेळ घेतला तर कुणी रागावत नाही. आधीच्या उंच मुलाची उंची तशीच ठेवून घाईने सुरू करणारी मुलं मी खूप बघते, आणि पुढची चार मिनिटं त्यांचा खांदा वर चढलेला असतो.

घरी खरा अपराइट असलेल्यांसाठी थोडंसं. पावसाळ्यात लाकूड फुगतं, सूर वर चढतात, की अडकतात, मग हिवाळ्यात कोरड्या हवेत सूर उतरतात. ट्यूनिंग पावसाळा संपून हवा स्थिर झाल्यावर करा, स्पर्धेच्या दोन-तीन आठवडे आधी झालेलं बरं. बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका.

व्हिडिओ राउंड असेल तर

पहिली फेरी रेकॉर्डिंगवर असते अशी पद्धत आता बरीच आहे. फोन आडवा, मुलाच्या उजव्या बाजूला, कीपेक्षा थोडा वर, चेहरा, दोन्ही हात आणि शक्य असेल तर पाय दिसेल असा. ट्रायपॉड नसेल तर स्टूलवर पुस्तकांची चळत. फोन फ्लाइट मोडवर. पंखा बंद, फ्रीजचा आवाज येत असेल तर तोही थोडा वेळ बंद, कुकर नंतर. पियानोच्या अगदी जवळ फोन ठेवला तर मोठे सूर फाटतात, दोन-अडीच मीटर लांब ठेवून आधी सगळ्यात जोराचा भाग रेकॉर्ड करून ऐका. मध्ये कट केलेला व्हिडिओ बाद होतो, पीस सलग हवा. शनिवारी संध्याकाळी बाहेर लग्नाची वरात असते, रविवारी सकाळी लवकर करा. आणि एका दिवसात तीन टेकच्या वर जाऊ नका, चौथ्यापासून मूल थकतं आणि पीसचा कंटाळा येतो, तो पुढे महिनाभर जात नाही.

लोकांसमोर वाजवणं

स्पर्धेआधी किमान पाच-सहा वेळा वेगवेगळ्या माणसांसमोर वाजवून झालं पाहिजे. आणि या बाबतीत आपलं गाव चांगलं आहे. सयाजीराव महाराजांनी १८८६ मध्ये इथे गायनशाळा काढली, आज ती युनिव्हर्सिटीची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी आहे, आणि १९१६ ची पहिली अखिल भारतीय संगीत परिषद बडोद्यातच भरली. दांडिया बाजार, रावपुऱ्याच्या घरांतून अजून असे आजोबा आहेत जे मैफलीत मान डोलावताना लय तुटली की लगेच थांबतात. त्यांना बोलवा. त्यांना क्लेमेंटी माहीत नसला तरी लय धावली, वाक्य अर्धवट तुटलं, आवाज कोरडा आला हे त्यांना माझ्याइतकंच कळतं, आणि मुलाला एक परका, जाणता कान समोर बसलेला अनुभवायला मिळतो.

घरची मैफल पूर्ण करायची. दुसऱ्या खोलीतून नाव पुकारलं की मुलाने चालत यायचं, वाकून नमस्कार, वाद्याला हात लावून नमस्कार करायची आपली पद्धत असेल तर तोही, बेंच नीट, हात मांडीवर, अवघड बार मनात, मग सुरू. संपल्यावर शेवटचा सूर पूर्ण विरेपर्यंत हात आणि पेडल धरून ठेवायचे, मग उठून पुन्हा नमस्कार. चुकलं तर चेहऱ्यावर दाखवायचं नाही, टीचरकडे बघायचं नाही. बघणाऱ्यांनी मध्ये खोकायचं, फोन वाजू द्यायचा, कुणीतरी उशिरा आत यायचं, कारण तिथे हे सगळं होतं.

आपले सण

नवरात्रात नऊ रात्री गरबा, आणि बडोद्यातल्या मुलाला गरब्यापासून तोडू नका, ते चुकीचंही आहे आणि जमतही नाही. त्या दिवसांत सकाळी सराव ठेवू नका, दुपारी झोप झाल्यावर वीस मिनिटं हळू वाजवणं पुरे. स्पर्धा त्याच महिन्यात असेल तर पीस गणपतीपर्यंत पाठ झालेला असला पाहिजे, असं मागून मोजत या.

उत्तरायण मात्र जपायचं. जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत स्पर्धा असली आणि १४-१५ जानेवारीला मूल गच्चीवर असलं की मांजा तर्जनीच्या पेरावर कापतो, नेमका कीला जिथे स्पर्श होतो तिथे. बँडएड लावून वाजवलं तर बोट घसरतं, न लावता वाजवलं तर दुखतं, आणि मूल ते बोट वाचवायला सगळं फिंगरिंग, म्हणजे कुठल्या स्वराला कुठलं बोट ते, बदलून टाकतं जे मग सुटत नाही. त्या वर्षी फिरकी धरायला द्या, पतंग उडवायचाच असेल तर सगळ्या बोटांना आधीपासून चिकटपट्टी, आणि ढील देताना मोठ्या माणसाने हात लावायचा. वासी उत्तरायणलाही तेच.

शाळेची सहामाही, युनिट टेस्ट यांच्या तारखा स्पर्धेच्या तारखेसोबत एकाच कॅलेंडरवर लिहा. परीक्षेच्या आठवड्यात फक्त स्टेशनं खेळा, दहा मिनिटं.

शेवटचा आठवडा आणि तो दिवस

शेवटच्या आठवड्यात नवीन काही नाही. फिंगरिंग बदलायचं नाही, युट्यूबवर दुसऱ्या कुणाचं ऐकून वेग बदलायचा नाही. रोज एकदा हळू, पुस्तक समोर ठेवून, कारण हात भरवशाचा झाला की डोळ्यांनी नोट्स बघणं बंद झालेलं असतं आणि बारीकसारीक गोष्टी गळतात. नखं दोन दिवस आधी कापा, आदल्या रात्री कापली तर पेरं हुळहुळतात.

कपडे वाजवून बघितलेले. तंग बाही नको, बांगड्या, घड्याळ, अंगठी काढून ठेवायची, लांब घागऱ्याचा घेर पेडलमध्ये अडकतो. सकाळी घरचं हलकं, उपमा, पोहे, केळं. सेव-उसळ स्पर्धा झाल्यावर. बाहेरगावी असेल तर आदल्या दिवशी जा, पहाटेच्या ट्रेनने उतरून सरळ स्टेजवर असं नको.

हॉल एसीचे असतात आणि लहान बोटं पटकन गार पडतात. थर्मासमध्ये गरम पाणी आणि छोटा टॉवेल ठेवा, नंबर यायच्या दहा मिनिटं आधी हात शेकून पुसून कोरडे करा. लोकरीचे हातमोजे बॅगेत. वाट बघताना मांडीवर पीस वाजवत बसू नको असं मुलाला सांगा, आधीच्या मुलांचं ऐकत बसू नको असंही, बाहेर थोडं चालून या, काहीतरी दुसरं बोला. वाजवण्याची सूचना आता कुणीही द्यायची नाही, तुम्हीही नाही, मीही नाही.

जजसाठीचं पुस्तक, मुलाचं पुस्तक, वयाचा दाखला, आयडी, पाण्याची बाटली, पाट. पुस्तकात पान कुठे आहे तिथे खुणेचा कागद, बार नंबर घातलेले.

मुलाचं झाल्यावर निघून जाऊ नका. बाकीच्यांना ऐका, विशेषतः एका गटाने मोठ्या मुलांना, तोच खरा क्लास असतो आणि तो फुकट आहे. एकच स्पर्धेचा पीस चार मुलांनी चार तऱ्हेने वाजवलेला ऐकला की मूल स्वतःहून विचारतं, त्याने इथे हळू का केलं.

निकाल काहीही येवो, जजने लिहिलेला कागद मागून घ्या. घरी आल्यावर लगेच वाचू नका, दोन दिवसांनी मुलाला घेऊन टीचरसोबत वाचा. त्यात तीन प्रकारची वाक्यं असतात. एक त्या दिवसापुरती, घाई झाली, एक जागा विसरली, ती सोडून द्या. दुसरी सवयीची, मनगट कडक आहे, डावा हात जड आहे, पेडल उशिरा सुटतो, ही वहीत लिहून घ्या, पुढचे तीन महिने याच्यावर काम. तिसरी आवडीची, इथला सूर सुंदर होता, असं काहीतरी, ते वाक्य मुलाला मोठ्याने वाचून दाखवा आणि तोच भाग परत वाजवायला सांगा. मग आठवडाभर स्पर्धेचा पीस बंद आणि मुलाला जे हवं ते वाजवू द्या, सिनेमाचं गाणं असलं तरी.